कमी पटाच्या शाळांचा नमुना काढताना

भामरागड किंवा धडगावसारख्या तालुक्यात तिसरीत सहा मुलं असलेली शाळा नेहमीचीच. तिथे मुलांच्या चाचणीसाठी शाळांचा नमुना निवडताना शहरातली पद्धत जशीच्या तशी वापरू नका.

पटाच्या प्रमाणात (जितका पट मोठा, तितकी निवडीची शक्यता जास्त) शाळा निवडायच्या आणि प्रत्येक शाळेतून 20 मुलं घ्यायची, असं ठरवलंत तर मोठ्या शाळांत प्रत्येक मुलाचा भार, म्हणजे निकालात ते मूल किती मुलांच्या वतीने मोजलं जातं तो आकडा, सारखा येतो. सहाच्या शाळेत मात्र 20 मुलं मिळतच नाहीत. त्यामुळे तिथल्या प्रत्येक मुलाचा भार 20 भागिले 6, म्हणजे सव्वातीन पटीहून जास्त होतो. अशा दोन-चार शाळा आल्या की सरासरी डळमळते आणि मुलांची एकूण संख्याही कमी भरते.

उपाय सोपा आहे. 20 पेक्षा कमी पटाच्या सगळ्या शाळांचा आकार यादीत 20 धरा आणि निवडलेल्या शाळेतली सगळी मुलं तपासा. भार समान राहतो. पण शाळा जास्त लागतात आणि खरा खर्च प्रवासाचाच असतो, तेव्हा बजेट आधी मांडा. लहान शाळांचा वेगळा स्तर (गट) करून त्यांतून मुद्दाम कमी शाळा घेणंही चालतं, फक्त भार त्यानुसार वाढवायचा. लहान शाळा यादीतून गाळणं मात्र अजिबात मान्य नाही; ज्यांची माहिती सर्वांत कमी आहे तीच मुलं सुटतात.

यू-डायसचा (शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीतला) पट जुना असतो, म्हणून केंद्रप्रमुखांकडून पडताळून घ्या. पर्यायी शाळा निवडीच्या वेळीच ठरवा, यादीत शेजारची. पुरात रस्ता बंद झाला म्हणून डांबरी रस्त्यावरची शाळा घेतली, की निकाल हमखास चांगला दिसतो.