खिडकी आईनेच उघडली

प्रश्न : 'ड्रॅक्युला' या रक्तपिशाच्चाच्या कादंबरीत आजारी ल्यूसीला चौघांचं रक्त देतात, तेही रक्तगट न तपासता. ती त्यानेच दगावली असेल का? आमच्या वाचनगटात यावरून वाद झाला.
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : शंका रास्त आहे. पण कादंबरी १८९७ची, आणि शास्त्रज्ञ कार्ल लँडस्टायनर यांचा रक्तगटांचा शोध प्रसिद्ध झाला १९०१मध्ये. लेखक ब्रॅम स्टोकरला तो ठाऊक असणं शक्यच नव्हतं. गोष्टीत तरी रक्त दिल्यावर ल्यूसी सावरते आणि रात्री ड्रॅक्युलाने रक्त शोषलं की पुन्हा पांढरीफटक पडते.

प्रश्न : दात, शवपेट्या, कशाचीच भीती वाटली नाही. पण ल्यूसीची आई लसणाची फुलं काढून खिडकी उघडते, तिथे पुस्तक मिटलं, ते चार दिवस हातात घेतलं नाही. मुलगी हसते. एवढं मनाला लावून घेणं बरं का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : ताई, हसू द्या तिला. तुम्ही पुस्तक योग्य जागीच मिटलंत. मला तर त्या पानाइतकं भयंकर अख्ख्या कादंबरीत दुसरं काही वाटत नाही. ल्यूसीवर उपचार करणारा म्हातारा डॉक्टर व्हॅन हेल्सिंग पिशाच्चाला दूर ठेवायला हॉलंडमधल्या हार्लेमहून लसणाची फुलं मागवतो, दाराखिडक्यांना चोळतो, ल्यूसीच्या गळ्यात माळ घालतो. आईचं हृदय अधू, म्हणून तिला मात्र कुणी काही सांगत नाही. रात्री ती लेकीला बघायला येते. वास उग्र, पोर अशक्त. फुलं उचलते, जरा वारा यावा म्हणून खिडकी उघडते, आणि सकाळी डॉक्टरांना कौतुकाने सांगते की, लेकीला आराम पडला त्यात माझाही वाटा आहे. तो म्हातारा तिच्यासमोर चेहरा सावरून धरतो आणि ती गेल्यावर ढसाढसा रडतो.

माझ्या वडिलांच्या किडन्या निकामी होत चालल्या होत्या तेव्हाची गोष्ट. डॉक्टरांनी नारळपाणी बंद सांगितलं होतं, पोटॅशियम वाढतं म्हणून. आईला बीपी, तेव्हा आम्ही भावंडांनी ठरवलं की तिला नुसतं 'मीठ कमी घाल' एवढंच सांगायचं. ती रोज सकाळी कोपरीच्या नाक्यावरून शहाळं आणायची, गाळून, पेला भरून बाबांच्या हातात द्यायची. 'अंगात ताकद नाही हो त्यांच्या,' म्हणायची. एका मध्यरात्री बाबांना अॅडमिट करावं लागलं. दुसऱ्या दिवशी आई वॉर्डात आली ती पिशवीत शहाळं घेऊनच. बाहेरच्या बाकावर बसवून तिला सगळं सांगितलं. पिशवी मांडीवर धरून ती ऐकत राहिली. मग एवढंच म्हणाली, 'आधी का नाही सांगितलंत रे?'

बाबा त्या खेपेला वाचले. पण आम्ही आईला काय करायला लावलं, ते मला आजही विसरता येत नाही.

पुस्तक सोडू नका. फक्त पुढचा भाग दिवसाउजेडी वाचा. ल्यूसीच्या गळ्यातली माळ आणखी एकदा तुटायची आहे, आणि तीही आईच्याच हातून.