शिबिराआधी खरजेचा हिशेब

प्रश्न : चतुर्थीनंतर आमच्या मंडळाला एका अनाथाश्रमात आरोग्य शिबिर घ्यायचं आहे. मुलं चाळीस, वय ६ ते १६. दोन डॉक्टर, एक नर्स आणि कॉलेजची दहा मुलं तयार आहेत. औषधं कोणती न्यावीत? एका दिवसात आटपेल का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : तपासणी आटपेल, उपचार नाही. दुसऱ्या फेरीची तारीख आत्ताच धरा, बरोबर सात दिवसांनंतरची. कारण खरूज. पावसात अंथरुणं वाळत नाहीत, टॉवेल एकमेकांचे वापरले जातात, आणि चतुर्थीच्या सुमारास बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला खाजवणारी मुलं बहुधा दिसतातच. खाजवणाऱ्या एकालाच मलम दिलं तर शेजारच्या खाटेवरून त्याला ती परत येते.

म्हणून एका डॉक्टरने आठवडाभर आधी जाऊन बघून यावं. खरूज दिसली तर खाज नसलेल्यांना आणि कर्मचाऱ्यांनाही एकाच रात्री ५ टक्के परमेथ्रिनचं मलम लावायचं: मानेपासून तळपायांपर्यंत, नखांच्या कडांनाही. ८ ते १२ तासांनी अंघोळ. मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा मलम. सात दिवसांनी हेच सगळं परत.

३० ग्रॅमची ट्यूब बारा वर्षांवरच्याला पूर्ण, लहानाला अर्धी लागते. पंचवीस लहान, पंधरा मोठी, आठ कर्मचारी धरले तर एका रात्रीला ३६ ट्यूबा, दोन्ही मिळून ७२. वर्गणी इथे घाला. टॉनिकच्या बाटल्या आणि दवाखान्यात उरलेली सॅम्पलं नकोत. अंघोळीच्या सकाळीच चादरी-कपडे गरम पाण्यात धुवायचे. गोधड्या-उशा प्लास्टिकच्या पिशवीत आठवडाभर बांधून ठेवायच्या. खाज नंतरही दोन-चार आठवडे राहते, हे कर्मचाऱ्यांना बजावून सांगा. नाहीतर ‘मलम लागू पडलं नाही’ म्हणून ते रोज चोपडतात आणि कातडी सोलवटते.

जंताच्या गोळीची घाई नको. १० फेब्रुवारीला आणि ऑगस्टमध्ये ती शाळेतच देतात. प्रत्येक मुलाची वैद्यकीय फाइल संस्थेत असते, तिच्यात आधी पाहा. तुमचे निष्कर्षही तिथेच लिहा, वेगळ्या चिठ्ठ्यांवर नव्हे.

वेळेचं म्हणाल तर मुलामागे दहा मिनिटं धरली की दोन डॉक्टरांना साडेतीन तास लागतात. रविवारी नाश्त्यानंतर बसा. कॉलेजच्या मुलांना उंची, वजन आणि सहा मीटरवरून दृष्टीचा तक्ता द्या. बोट टोचून हिमोग्लोबिन पाहायचं काम नर्सचंच: दर मुलाला नवी लॅन्सेट (टोचायची सुई), वापरलेली पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात. तो डबा कोण नेणार हे आरोग्य केंद्राशी आधीच ठरवा.

खरी अडचण पुढे येते. हृदयात जादा आवाज (मर्मर) किंवा तिरळेपणा सापडला की मुलाला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात कोण नेणार? संस्थेत माणसं मोजकीच. मंडळाने गाडी द्यावी, पण सोबत संस्थेचं माणूस हवंच. स्वयंसेवकाने मुलाला एकट्याने बाहेर नेऊ नये.

प्रश्न : चेहरे पुसट करून फोटो टाकले तर चालतील का?

उत्तर : नको. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चेहरा पुसला तरी गणवेश आणि संस्थेची पाटी ओळख देतातच. देणगीदारांना दाखवायचंच असेल तर औषधांच्या खोक्यांचा फोटो काढा.

प्रश्न : लंडनला असलेला माझा डॉक्टर भाऊ सुटीत येतोय. तो तपासेल का?

उत्तर : भारतातली नोंदणी किंवा तात्पुरती परवानगी नसेल तर त्याने तपासू नये, औषधही लिहू नये. त्याला वजनकाट्यावर बसवा.