सज्जाच्या कामाचा क्रम

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आल्यापासून तुझ्या सज्जाचाच, म्हणजे तलाठी म्हणून तुझ्याकडे आलेल्या गावांचाच, विचार करतोय. चार गावं, एकटी तू, आणि तहसीलच्या ग्रुपवरचा प्रत्येक निरोप ‘तात्काळ’! आधी काय हाती घ्यायचं, हा तुझा प्रश्न अगदी रास्त आहे.

जो मोठ्यानं बोलेल त्याचं काम आधी, अशी सवय लावून घेऊ नकोस. ज्याला बोलता येत नाही तो मग कायम मागेच राहतो. प्रत्येक कामाला एकच विचार: हे उद्या करता येईल का? गारपिटीचा पंचनामा उद्यावर टाकता येत नाही. शेतकऱ्याला रान मोकळं करायची घाई असते. एकदा का नांगर फिरला, की नुकसान दाखवायला शेतात काही उरत नाही आणि मदतीच्या यादीतून माणूस सुटतो. तेव्हा कृषी सहायक आणि ग्रामसेवकांशी आदल्या रात्रीच बोलून ठेव, आणि सकाळी थेट बांधावर जा. वस्तीच्या टोकाची, रस्ता नसलेली शेतं आधी घे. तिथवर पुन्हा जाणं होत नाही, हे मी खात्रीनं सांगतो.

त्याखालोखाल फेरफाराच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाच्या नोटिसा. काम थोडक्या वेळाचं, म्हणून मागे पडतं. पण नोटीस बजावल्याशिवाय हरकतीचे 15 दिवस सुरूच होत नाहीत. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करणार, मग सातबाऱ्यावर नाव लागणार, आणि त्यावर कुणाचं तरी पीककर्ज अडलेलं असणार. तुझ्याकडचा एक दिवस त्या घराला महाग पडतो. नोटिसा सकाळीच हातावेगळ्या कर.

जून-जुलैत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी येणाऱ्या मुलांना प्रवेशाची शेवटची तारीख विचार आणि अर्जावर लिहून ठेव. रांग त्या तारखेनं लाव.

तहसीलनं मागवलेले माहितीचे तक्ते दुपारनंतर. दोन ‘तात्काळ’ एकदम आले, तर मंडळ अधिकाऱ्यांना स्पष्ट विचार, “साहेब, आज पंचनामे करू की तक्ता भरू?” असं विचारण्यात कमीपणा नाही. वरिष्ठांनी क्रम ठरवून द्यायचा असतो, तेही त्यांचंच काम आहे.

आणि कोणत्या गावात कोणत्या वारी बसणार, तो फलक लाव आणि पाळ. लोकांना वार कळला की फोन कमी होतात. खरिपाच्या ई-पीक पाहणीची (मोबाइलवरून पिकाची नोंद करण्याची) गर्दी सुरू व्हायच्या आत हे कर.

तुझा,
काका