पडद्यावरचा खटला आणि न्यायालयातला खटला

लैंगिक अत्याचारानंतर न्याय मागणाऱ्या स्त्रियांच्या कथा सांगणारे न्यायालयीन चित्रपट पाहून वाचकांनी जे प्रश्न पाठवले, त्यांपैकी काहींची उत्तरे येथे देत आहे. चित्रपट चांगला की वाईट हे ठरवणे माझे काम नाही. मी फौजदारी खटले चालवणारी वकील आहे आणि पडद्यावर जे दिसते त्याला भारतीय कायद्यात कितपत आधार आहे, एवढेच सांगू शकते.

प्रश्न : २०१६ सालच्या 'पिंक' या चित्रपटात एक ज्येष्ठ वकील तरुणींची बाजू लढवतात. अत्याचार झालेल्या स्त्रीला असा आपल्या पसंतीचा वकील उभा करता येतो का?

'पिंक'मधील वकिलांना न्यायालयात उभे राहता येते, कारण तेथे आरोपीच्या पिंजऱ्यात तरुणीच आहे. तिच्यावर हत्येच्या प्रयत्नाचा आरोप आहे आणि ते तिचे बचावाचे वकील आहेत. पटकथेतील ही बाब बहुतेक प्रेक्षकांच्या नजरेतून सुटते. बलात्काराचा खटला मात्र 'राज्य विरुद्ध आरोपी' असा असतो. तो सरकारी वकील चालवतात आणि जिच्यावर अन्याय झाला ती स्त्री कायद्याच्या भाषेत साक्षीदार ठरते. तिला स्वतःचा वकील नेमता येतो. परंतु त्याने सरकारी वकिलांना साहाय्य करायचे असते आणि पुरावा संपल्यानंतर न्यायालयाची परवानगी असल्यास लेखी युक्तिवाद द्यायचा असतो. साक्षीदारांची उलटतपासणी आणि तोंडी युक्तिवाद हा त्याचा हक्क नाही. म्हणून अशा वकिलाचे खरे काम लोकांच्या दृष्टीआड होते: जबाबातील त्रुटी वेळीच लक्षात आणून देणे, राहून गेलेला साक्षीदार सुचवणे आणि साक्षीच्या आदल्या दिवशी त्या स्त्रीला न्यायालयाची रीत समजावून सांगणे.

प्रश्न : चित्रपटांत बचावाचे वकील तिच्या पूर्वीच्या संबंधांविषयी, कपड्यांविषयी, मद्यपानाविषयी प्रश्नांची सरबत्ती करतात. न्यायाधीश हे चालू देतात का?

एके काळी कायदाच ते चालू देत असे. फिर्यादी स्त्री सर्वसाधारणपणे 'अनैतिक चारित्र्याची' आहे असे दाखवून तिच्या साक्षीची विश्वासार्हता कमी करण्याची मुभा १८७२ च्या पुरावा अधिनियमात आरोपीला होती, आणि ती तरतूद २००३ साली रद्द होईपर्यंत टिकली. २०१३ च्या दुरुस्तीने आणखी पुढचे पाऊल टाकले. संमती होती की नव्हती हा वादाचा मुद्दा असेल, तेव्हा तिच्या चारित्र्याचा किंवा पूर्वीच्या लैंगिक अनुभवाचा पुरावा गैरलागू ठरतो आणि उलटतपासणीत तसे प्रश्नही विचारता येत नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष्य अधिनियमातही हा नियम कायम आहे.

संमतीची व्याख्याही त्याच दुरुस्तीने स्पष्ट झाली. त्या विशिष्ट कृतीला शब्दांनी, हावभावांनी किंवा अन्य प्रकारे दिलेली निःसंदिग्ध आणि ऐच्छिक मान्यता म्हणजे संमती, आणि केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून ती गृहीत धरता येत नाही. ती त्याच्याबरोबर जेवायला गेली होती किंवा तिने मद्य घेतले होते, यावरून ही मान्यता सिद्ध होत नाही.

या शब्दांना एक इतिहास आहे. २६ मार्च १९७२ रोजी, त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांकडून अत्याचार झाल्याची तक्रार होती. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाने दोषी ठरवले आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले; तिच्या अंगावर जखमा नव्हत्या आणि तिने आरडाओरडा केला नव्हता, या गोष्टींना त्या निकालात मोठे वजन मिळाले. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून शरणागती आणि संमती यांतील भेद दाखवून दिला. देशभर आंदोलने झाली आणि १९८३ साली कायदा बदलला. त्या मुलीचे नाव तेव्हा सर्रास छापले गेले. मी ते येथे मुद्दाम देत नाही.

नियम असूनही आडवळणाचे प्रश्न येतात, हे मान्य केले पाहिजे. 'तुम्ही रात्री नेहमीच उशिरा घरी येता का?' या प्रश्नात चारित्र्य हा शब्द नसतो, पण रोख तोच असतो. अशा वेळी सरकारी वकिलाने त्याच क्षणी हरकत घ्यावी लागते आणि न्यायाधीशांनी ती नोंदवून प्रश्न नाकारावा लागतो. येथे कायद्याच्या पुस्तकाइतकेच त्या दोघांच्या जागरूकतेला महत्त्व आहे, आणि ती सगळीकडे सारखी नसते.

प्रश्न : नायिका कित्येक दिवसांनी तक्रार करते आणि तिथेच खटला ढिला पडतो. उशीर खरोखरच इतका घातक असतो का?

उशिराचे समाधानकारक स्पष्टीकरण असेल तर नाही. पंजाब राज्य विरुद्ध गुरमीत सिंग या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कुटुंबाची लाज आणि बदनामीची भीती यांमुळे अशा तक्रारींना उशीर होणे स्वाभाविक आहे, आणि तिची साक्ष विश्वासार्ह असेल तर तिला दुसऱ्या पुराव्याची जोड मागण्याचे कारण नाही. तथापि वैद्यकीय पुरावा काळाबरोबर नष्ट होतो. म्हणून शक्य असेल तर आंघोळ करण्यापूर्वी आणि कपडे धुण्यापूर्वी रुग्णालय गाठावे. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने प्रथमोपचार विनामूल्य केलेच पाहिजेत. नकार देणे हा गुन्हा आहे. दोन बोटांच्या तथाकथित चाचणीला, म्हणजे स्त्रीला पूर्वी लैंगिक अनुभव होता का हे योनीमार्गाच्या बोटांनी केलेल्या तपासणीवरून ठरवण्याच्या पद्धतीला, विज्ञानाचा आधार नाही, आणि ती करणारी व्यक्ती गैरवर्तनाची दोषी ठरेल असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये बजावले आहे.

गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी जवळच्या पोलीस ठाण्याने तक्रार नोंदवून घेतली पाहिजे आणि ती महिला अधिकाऱ्याने लिहून घेतली पाहिजे. तक्रार नोंदवण्यास नकार देणाऱ्या पोलिसाला किमान सहा महिन्यांच्या सश्रम कारावासाची तरतूद आहे. चित्रपटांत हे दृश्य दिसते, पण त्या पोलिसावर पुढे खटला झाल्याचे दृश्य मी अजून पाहिलेले नाही.

प्रश्न : न्यायालय प्रेक्षकांनी खचाखच भरलेले दाखवतात. तसे असते का?

नाही. बलात्काराचे खटले बंद दालनात चालवण्याची सक्ती १९८३ पासून आहे. साक्ष देताना आरोपी तिच्या नजरेसमोर येऊ नये म्हणून पडद्याची सोय करता येते.

प्रश्न : शेवटी आरोपी सुटला, तर ती खोटे बोलली असे न्यायालयाने ठरवले, असे समजायचे का?

मुळीच नाही. वाजवी संशयापलीकडे गुन्हा सिद्ध झाला नाही, एवढाच त्या निकालाचा अर्थ असतो. साक्षीदार फितूर झाले, पंचनामा सदोष होता किंवा नमुने वेळेवर तपासणीला पाठवले गेले नाहीत, यांपैकी कोणत्याही कारणाने आरोपी सुटू शकतो. खोटी साक्ष दिल्याचा ठपका ठेवायचा तर त्यासाठी वेगळी चौकशी आणि वेगळा खटला लागतो. २००९ च्या दुरुस्तीनंतर पीडित व्यक्तीला सुटकेच्या निकालाविरुद्ध स्वतः अपील करता येते, आणि येथे तिचा वकील तिच्या वतीने थेट युक्तिवाद करतो. निकालाच्या प्रतीसाठी त्याच दिवशी अर्ज करावा, कारण मुदत निकालाच्या तारखेपासून मोजली जाते.