दोन्ही बल्ब 9 वॅटचेच, मग उजेडात फरक का? बल्ब घेताना नक्की काय बघायचं?

तुम्ही लिहिलंय की बैठकीत आणि स्वयंपाकघरात वेगवेगळ्या कंपन्यांचे 9 वॅटचे बल्ब लावलेत, पण स्वयंपाकघरातला मंद वाटतो आणि त्याच्याखाली ताजी भाजीही शिळी दिसते. मग वॅट बघून उपयोग काय?

वॅटवरून बल्ब वीज किती खातो एवढंच कळतं. उजेड किती देतो ते लुमेनमध्ये मोजतात आणि तो आकडा खोक्यावर बारीक अक्षरांत असतो. मी इलेक्ट्रिकलच्या दुकानात काउंटरला असतो, बहुतेक गिऱ्हाइकं अजूनही "किती वॅटचा?" एवढंच विचारतात. ही सवय तारेच्या पिवळ्या बल्बच्या काळातली. तेव्हा साठचा म्हटलं की उजेड डोळ्यांपुढे यायचा, कारण सगळ्यांचे साठचे जवळपास सारखेच. तो साधारण 700 लुमेन द्यायचा, म्हणजे वॅटमागे जेमतेम 12. आता 9 वॅटचा चांगला एलईडी 800 ते 900 देतो. रोज पाच तास धरले तर साठच्या बल्बपेक्षा वर्षाला 93 युनिट वाचतात. पण सगळे एलईडी सारखे नसतात. दुकानात उभे असतानाच लुमेनला वॅटने भागा. 100 च्या आसपास उत्तर आलं तर ठीक, 80 आलं तर ठेवून द्या. खोक्यावरच्या बीईईच्या (वीजबचतीचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या) ताऱ्यांमागेही हाच भागाकार असतो.

आता भाजीचं. मला यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि हेच कोणी विचारत नाही. बल्बखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा म्हणजे सीआरआय. जुन्या पिवळ्या बल्बचा जवळजवळ 100 असायचा, साध्या एलईडीचा 80 च्या आसपास असतो. पांढरा एलईडी म्हणजे आत निळा प्रकाश देणारी चिप आणि तिच्यावर पिवळसर लेप. या मिश्रणात गडद लाल कमी पडतो. शिवाय सीआरआय ही आठ फिक्या रंगांची सरासरी आहे, त्यात गडद लाल धरलेलाच नाही. म्हणून 80 चा बल्बसुद्धा टोमॅटो, मटण, तिखट मळकट दाखवू शकतो. आमची आई एकदा मेथी निवडताना म्हणाली, "पिवळं पान कुठलं नि हिरवं कुठलं, कळेनासं झालंय रे." आम्ही मोतीबिंदूच्या तपासणीपर्यंत पोचलो होतो. तीच जुडी सकाळी खिडकीपाशी तिने झरझर निवडली, तेव्हा माझं लक्ष बल्बकडे गेलं. सीआरआय 90 चा लावला आणि तक्रार थांबली. थोडा महाग पडतो, पण स्वयंपाकघरात आणि आरशासमोर तोच लावा. तळहात बल्बखाली धरून बघा. कातडी राखेसारखी दिसली तर तो बल्ब तिथे नको.

पिवळा की पांढरा, हा वेगळा प्रश्न. उजेडाची ही छटा केल्विनमध्ये सांगतात: 2700-3000 केल्विन पिवळसर, 6500 निळसर पांढरा, 4000 मधला. पांढरा डोळ्यांना जास्त प्रखर वाटतो, पण रंग खरे दाखवेलच असं नाही. स्वयंपाकघराला मी 4000 सुचवतो.

मोबाइलचा कॅमेरा बल्बवर धरून पडद्यावर ठळक काळे पट्टे सरकताना दिसले, तर तो बल्ब लुकलुकतोय. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण काहींचं डोकं दुखतं. अभ्यासाच्या टेबलावर असा बल्ब नको. आणि 25,000 तास आयुष्य लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच की तेवढ्या तासांनी उजेड मूळच्या 70 टक्क्यांवर येईल.

आणखी एक शक्यता आहे. दहा बाय दहाच्या खोलीत 900 लुमेन पसरले की चौरस मीटरला 100 सुद्धा येत नाहीत, त्यात भिंती काळवंडलेल्या असल्या तर आणखी कमी. बल्ब पाठीमागच्या भिंतीवर असेल तर ओट्यावर आपलीच सावली पडते. मग कितीही चांगला बल्ब आणा, विळीवर अंधारच. तिथे ओट्याच्या वरच्या फळीखाली एलईडीची पट्टी लावायची.

तेव्हा खरेदीआधी बटण बंद करून दोन्ही बल्बांची अदलाबदल करा. मंदपणा बल्बाबरोबर बैठकीत गेला तर बल्ब बदला. स्वयंपाकघरातच राहिला तर बल्बची जागा बदला.