धडगावच्या पोरांचं लायसन्स: फॉर्मच्या आधी आधार बघा

ताई, तुमचा प्रश्न असा: नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडच्या पाड्यांवर तीसेक पावरा-भिल्ल आदिवासी पोरं गाड्या चालवतात, लायसन्स एकाकडेही नाही, एजंट माणशी चार हजार सांगतो, तर संस्थेनं सुरुवात कुठून करावी? सातपुड्याच्या या अंगाला बरीच वर्षं हेच करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी चालवण्याच्या परीक्षेची काळजी सोडा. पावसाळ्यात घाटातून डबलसीट गाडी काढणारं पोर ट्रॅकवर आठचा आकडा काढतंच. फक्त पाय टेकवायचा नाही, एवढं बजावून ठेवा. घोडं अडतं ते त्याआधी, कागदावर. पहिल्या दिवशी फॉर्म उघडूच नका. सगळ्यांना आधार, शाळेचा दाखला आणि मोबाइल घेऊन शाळेच्या ओट्यावर बसवा. नाव दोन्हीकडे सारखं आहे का, जन्मतारीख जुळते का आणि आधारला जोडलेला नंबर आज चालू आहे का, हे वहीत उतरवा. आमच्याकडे एकाचा नंबर भावाजवळ होता आणि भाऊ बारडोलीला ऊसतोडीला. ओटीपी तिकडे जायचा, भाऊ फडात, फोन झोपडीत. तीन दिवस गेले त्यात. नावांचं तर विचारूच नका. पावरा हे आडनाव टाइप करणारा हमखास ‘पवार’ करून टाकतो, त्याला वाटतं आपण चूक सुधारली. आणि जन्मतारखा बघाल तर निम्मा पाडा 1 जानेवारीला जन्मलेला.

ही दुरुस्ती आधी उरका, कारण लर्निंग, म्हणजे शिकाऊ लायसन्स, निघालं की दिवस मोजणं आलं. 30 दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते आणि 6 महिन्यांत लर्निंग संपतं. पहिल्या वर्षी आम्ही हौसेनं दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांची लर्निंग काढली. पोरं गुजरातेत तोडीला गेली, होळीला येऊन ढोल वाजवून परत गेली, आणि मे उजाडता घरी आली तेव्हा सगळी लर्निंग बाद. पुन्हा फी, पुन्हा फॉर्म. आता आम्ही होळीला कागद बघतो, अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास लर्निंग काढतो आणि घाटात दरडी यायच्या आत पक्की परीक्षा उरकतो.

लर्निंगची परीक्षा महाराष्ट्रात 2021 पासून आधारवर घरबसल्या देता येते. आता ‘घरबसल्या’ म्हणजे आमच्याकडे रेंज येते त्या टेकडीवर बसून! 15 प्रश्न, 9 बरोबर यायला हवेत. प्रश्न मराठीत असतात, पण पोरं पावरी बोलीत विचार करतात. ‘पादचारी’ हा शब्द त्यांना तुमच्या-माझ्या इंग्रजीइतकाच परका. मी चिन्हं खडूनं ओट्यावर काढतो आणि नावं त्यांनाच ठेवायला लावतो. घाटवळणाचं चिन्ह सगळे ओळखतात. झेब्रा क्रॉसिंगला एक पोरगी म्हणाली, “रस्त्यावर आडवी टाकलेली शिडी.” तेव्हापासून आमच्यात ती शिडीच. पोरांच्या जागी दुसऱ्या कुणाला मात्र परीक्षेला बसवू नका. एजंट नेमकं तेच करतो, आणि मग पोराला चिन्हं कधीच कळत नाहीत.

पैशांचं सांगतो. लर्निंगचे 150, त्याच्या परीक्षेचे 50, पक्क्याच्या परीक्षेचे 300, लायसन्सचे 200, वर कार्ड आणि टपाल. बाकी एजंटचं पोट.

पिकअपवाल्या पोरांना कुणी “आठवी पास लागतं” म्हणालं तर ऐकू नका, ती अट 2019 मध्येच गेली. साध्या एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाच्या) लायसन्सवर 7,500 किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर 2024 मध्ये पक्कं केलंय. चाळिशीपुढच्यांना डॉक्टरचा दाखला लागेल. “लायसन्स कशाला?” असं विचारणाऱ्याला 5,000 च्या दंडाची भीती घालू नका, दंड त्यांना पाठ आहे. अपघात झाला तर विमा कंपनी भरलेली भरपाई गाडीमालकाकडून वसूल करू शकते, आणि गाडी बहुधा थोरल्या भावाच्या नावावर असते, हे सांगा.

राहिला परीक्षेसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी माराव्या लागणाऱ्या फेऱ्यांचा प्रश्न. खरं तर यात माणसानं जायचं की कार्यालयानं, हाच मुद्दा आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडचं परिवहन खातं आपलं पथक केप यॉर्क आणि टोरेस सामुद्रधुनीच्या आदिवासी वस्त्यांत परीक्षा घ्यायला पाठवतं. आपल्याकडे गडचिरोलीत पोलिसांनी ‘दादालोरा खिडकी’ काढून दाखले आणि योजनांचे अर्ज ठाण्यातच आणले. कल्पना चांगली, पण बिनलायसन्सचं पोर आपणहून ठाण्याची पायरी चढेल, असं मला वाटत नाही. तुम्ही तीस नावांची यादी जोडून तालुक्याला कॅम्प लावण्याचं पत्र आरटीओला द्या आणि पोच घ्या. एकेकट्यानं विचारलं की तारीख मिळत नाही, यादी बघितली की मिळते, असा माझा अनुभव.

परीक्षेला नेणार त्या गाडीचं आरसी, विमा आणि पीयूसी आदल्या रात्रीच बघा. आम्ही एकदा पीयूसी संपलेली गाडी नेली आणि चौदा पोरं संध्याकाळपर्यंत झाडाखाली बसवली.

वही भरली की नावं झाकून फोटो इथेच टाका, दुरुस्त्या कोणत्या क्रमानं घ्यायच्या ते बघू.