मानवशास्त्राची व्याख्यानमाला मांडताना

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

विद्यापीठाच्या मानवशास्त्र व्याख्यानमालेचं संयोजन तुझ्याकडे आलं, याचा फार आनंद झाला. नाशिककर गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला ऐकत आलेले आहेत, त्यांना ऐकायचं कसं ते शिकवावं लागत नाही. पण पहिल्याच संध्याकाळी 'मानवशास्त्र म्हणजे काय' ठेवू नकोस. व्याख्या आणि चार शाखा यांतच तास सरतो आणि दुसऱ्या दिवशी खुर्च्या रिकाम्या राहतात.

सुरुवात नात्यांपासून कर. दारातच प्रत्येकाला कोरा कागद आणि पेन्सिल द्यायची. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला बरोबरचं चिन्ह, भावंडांना वरून जोडणारी आडवी रेघ. स्वतःपासून वर दोन पिढ्या काढायला दहा मिनिटं पुरतात. मग वक्त्याने विचारावं: आपल्याकडे बऱ्याच जातींत मामाची मुलगी करतात, चुलत्याची का नाही? उत्तरेत बहुतेक हिंदू समाजांत दोन्ही निषिद्ध. दक्षिणेत आतेबहीण चालते, काही जातींत सख्खी भाचीसुद्धा. महाराष्ट्र या दोन पद्धतींच्या मधे पडतो, हे इरावती कर्वे यांनी १९५३ च्या ग्रंथात मांडलं. हातात स्वतःची वंशावळ असली की ते चटकन उमगतं.

दुसरं व्याख्यान डॉ. आंबेडकरांवर हवंच. 'भारतातील जाती' हा निबंध त्यांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला. जातीतच लग्न हा जातिसंस्थेचा गाभा, आणि सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ही तो टिकवण्याची साधनं, असा त्यातला युक्तिवाद. त्यांचा काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला नाशकातच सुरू झाला. त्या शहरात हा निबंध परिच्छेदागणिक समजावून सांगणारा वक्ता शोध. नुसतं चरित्र सांगणारा नको.

आदिवासी समाजांवरच्या व्याख्यानात सगळ्यात जास्त बिघडतं. कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर, भिल्ल या सगळ्यांना एकाच 'आदिवासी संस्कृती'त कोंबलं जातं आणि शेवटी मंचावर नाच ठेवला जातो. तो ठेवू नकोस. बोहाड्याची, म्हणजे देवादिकांचे मुखवटे घालून नाचायच्या उत्सवाची, सोंगं पूजा करून, त्यांच्या वेळी नाचवायची असतात, पाहुण्यांसमोर मिरवायला नव्हेत. मुखवट्याचं छायाचित्र दाखवलंस तर गाव, वर्ष आणि, परवानगी असेल तर, करणाऱ्याचं नाव खाली हवं. सुरगाणा-पेठकडचा जाणकार बोलवायचा तर प्राध्यापकाइतकंच मानधन आणि तितकाच वेळ दे. 'दोन शब्द बोला' म्हणून उभं करणं हा अपमान आहे.

'आपण मूळचे कुठले?' हा प्रश्न येणारच. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लुवॉन्टिन यांनी १९७२ साली दाखवलं की माणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत सापडतात. हा आकडा वक्त्याला आधी कळव, म्हणजे उत्तर कवट्यांच्या मापांवरून वंश ठरवण्याच्या जुन्या पद्धतीकडे घसरणार नाही.

वेळेचं बोलायचं तर व्याख्यान पन्नास मिनिटं, प्रश्न तीस. दीपप्रज्वलन, सत्कार, परिचय मिळून दहा मिनिटांत उरक, कारण ते लांबले की प्रश्नांचीच वेळ कापली जाते. प्रश्न चिठ्ठीवर घे. माईक फिरवला की तिसरा माणूस स्वतःचं भाषण सुरू करतो. चिठ्ठ्या मात्र दोघांनी निवडाव्यात, आणि अडचणीचा प्रश्न गाळू नये. चित्रीकरणाची परवानगी वक्त्याकडून आधीच लेखी घे.

तारखा ठरवताना मार्गशीर्ष टाळ. तेव्हा कळवण-सुरगाण्याकडे डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो आणि ज्यांनी यायला हवं तेच लोक अडकलेले असतात. समारोपाची वेळही शेवटच्या एसटीआधीची धर. छापायला टाकण्याआधी वेळापत्रक पाठव, वक्त्यांची नावं पाहून सांगतो.